मुलांच्या आजारपणाबद्दल नेटवर वाचायचं, तर नेमकं कुठे?

रेवाची_आई (मुलुंड)
सोसायटीतल्या आयांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतंय. ताप आला की तळपायांना कांदा बांधा, पॅरासिटामॉल दिलं तर लिव्हर जातं, वगैरे. खाली कुणा डॉक्टरांचं नाव आणि मोठ्या रुग्णालयाचा पत्ता. लगेच चार जणींनी हात जोडले. मी ते नाव मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत शोधलं, तर सापडलंच नाही. तसं लिहिल्यावर उत्तर आलं, "अगं पण करून बघायला काय हरकत आहे?"

मुलगी अडीच वर्षांची आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून पाळणाघरातून सारखं काही ना काही घेऊन येतेय. आमचे डॉक्टर चांगले आहेत, पण रात्री साडेअकराला त्यांना उठवायचं की सकाळपर्यंत थांबायचं, हे ठरवायला तरी काहीतरी वाचावं लागतंच. "नेटवर वाचू नका" एवढा एक सल्ला कृपया देऊ नका, सगळेच वाचतात. कुठलं वाचायचं आणि कुठलं सोडायचं, एवढंच सांगा. मराठीत असेल तर फारच बरं, सासूबाईंनाही दाखवता येईल.

गिरगावकर_नाना
कांदा पायाला कशाला? पावसाळा आहे, भजी करा.
(गंभीर प्रतिसाद नंतर देतो.)

अद्वैत७७
यात चर्चा करण्यासारखं काय आहे? अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सची 'हेल्दी चिल्ड्रन', ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची एनएचएस, नेमूर्स या अमेरिकन संस्थेची 'किड्सहेल्थ'. तिन्ही मोफत, तिन्ही डॉक्टरांनी तपासलेल्या. बाकी सगळा कचरा. विषय संपला.

लालबागचा_केमिस्ट
अद्वैतराव, साइट चांगल्याच आहेत, पण विषय तिथे संपत नाही. काउंटरच्या या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

अमेरिकेत लहान मुलांचं पॅरासिटामॉलचं जे पातळ औषध मिळतं त्यात ५ मिलीत १६० मिग्रॅ औषध असतं. नावही वेगळं, तिकडे त्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात. त्यांच्या तक्त्यात २४ ते ३५ पाउंडाच्या (म्हणजे साधारण ११ ते १६ किलोच्या) मुलाला ५ मिली लिहिलंय. त्यांच्या बाटलीसाठी ते बरोबरच आहे. आता आपल्याकडे या. सिरप ५ मिलीत १२० किंवा १२५ मिग्रॅचं मिळतं, तेच दुप्पट ताकदीचं २५० चंही मिळतं. तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स तर १ मिलीत १०० मिग्रॅ.

हिशेब करा. १२ किलोचं मूल. एका वेळचा डोस किलोमागे १० ते १५ मिग्रॅ, म्हणजे १२० ते १८० मिग्रॅ. तिकडचं "५ मिली" वाचून कुणी आपलं २५० वालं सिरप दिलं तर पोटात २५० गेलं. ड्रॉप्स दिले तर ५००! आणि ड्रॉप्स देणाऱ्याला वाटतं, थेंबांचं औषध म्हणजे सौम्य असणार. उलट आहे, तेच सगळ्यात कडक.

म्हणून माझ्या दुकानात "ताईचं सिरप द्या, मागच्या वेळी ५ मिली दिलं होतं" असं कुणी म्हणालं की मी आधी मुलाचं आजचं वजन विचारतो आणि जुनी बाटली दाखवा म्हणतो. गिऱ्हाईक वैतागतं. वैतागू दे.

मनू_कांदिवली
बापरे. ड्रॉप्सचं हे माहीतच नव्हतं. आत्ता उठून बाटली बघून आले.

डॉक्टरकाका_पार्ले
बालरोगतज्ज्ञ आहे, नाव न सांगता लिहितो. केमिस्टसाहेबांनी फार मोलाचं लिहिलंय, त्यातच भर घालतो.

परदेशी साइटवर चुकीचं लिहिलेलं नसतं, पण ते तिथल्या मुलांसाठी लिहिलेलं असतं. तापाचंच घ्या. तिकडच्या पानावर पॅरासिटामॉलच्या शेजारी आयबुप्रोफेनही दिलेलं असतं, सहा महिन्यांपुढच्या मुलांसाठी. न्यूयॉर्कच्या जानेवारीत ठीक आहे. मुंबईच्या ऑगस्टमध्ये ताप म्हटला की माझ्या डोक्यात आधी डेंग्यू येतो, आणि डेंग्यूत आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, मेफेनॅमिक ॲसिड ही औषधं रक्तस्रावाचा धोका वाढवतात. (ॲस्पिरिन तर तापात मुलांना एरवीही देत नाहीत, मेंदू आणि यकृताला इजा करणाऱ्या रे सिंड्रोमच्या भीतीने.) आपल्याकडे मेफेनॅमिक ॲसिडचं सिरप घराघरांत असतं, "लवकर ताप उतरतो" म्हणून. पावसाळ्यात तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही वजनानुसार, आणि दोन डोसांत किमान चार तासांचं अंतर.

डेंग्यूचं आणखी एक जे फॉरवर्डमध्ये कधीच नसतं. ताप उतरायला लागतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये, तोच काळ जपायचा असतो. आईबापांना वाटतं सुटलो. त्या वेळी पोटात खूप दुखणं, सारखी उलटी, हातपाय गार पडणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, मूल मलूल होणं किंवा उगाच चिडचिड करणं, सहा-सहा तास लघवी न होणं, यातलं काहीही दिसलं तर तडक रुग्णालय.

रेवाच्या आईंचा मूळ प्रश्न, रात्री उठवायचं की थांबायचं. तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप: उठवा, वाट बघू नका. मोठ्या मुलात मी आकड्यापेक्षा मुलाकडे बघतो. १०२ आहे पण औषधानंतर खेळतंय, पाणी पितंय, तर सकाळपर्यंत थांबता येतं. १०० च आहे पण उठवत नाहीये, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातायत, तर रात्रीचे तीन वाजलेले असले तरी निघा.

गिरगावकर_नाना
डॉक्टर, असं तुम्ही व्हॉट्सॅपवर का लिहीत नाही? तिकडे कांदेवाले मोकाट सुटलेत.

डॉक्टरकाका_पार्ले
लिहितो नाना. कांद्याला जास्त अंगठे पडतात.

मनू_कांदिवली
डॉक्टरकाका, एक विचारू का? बाळ सात आठवड्यांचं आहे. जन्माच्या वेळी डाव्या दंडावर जी लस दिली तिथे आता गाठ येऊन पिवळं दिसतंय. परदेशातल्या आयांच्या एका ग्रुपवर फोटो टाकला तर सगळ्या घाबरल्या. इन्फेक्शन आहे, अँटिबायोटिक मागून घे म्हणाल्या.

सिस्टर_एमपूर्व
मनू, मी पालिकेच्या आरोग्य केंद्रात काम करते. बीसीजी आहे ती, क्षयरोगाची लस. चार-सहा आठवड्यांनी अशी पुळी येते, कधी फुटते, थोडं वाहतं, मग खपली धरते आणि व्रण राहतो. तुझ्या दंडावरही असेल बघ. काही लावायचं नाही, दाबायचं नाही, शेकायचं नाही. अंघोळ नेहमीसारखी. काखेत मोठी गाठ लागली तर मात्र दाखवायला घेऊन ये.

अमेरिकेत बीसीजी सरसकट देतच नाहीत, म्हणून त्या बायकांनी हे कधी पाहिलेलंच नसतं. त्यांचा दोष नाही.

मनू_कांदिवली
सिस्टर, आहे माझ्या दंडावर! नवऱ्याच्याही आहे. थँक्यू थँक्यू.

हर्षदा_पवई
लसींवरच आलोय तर माझाही गोंधळ निस्तरा. सरकारी केंद्रातलं कार्ड आणि आमच्या खासगी डॉक्टरांचा तक्ता जुळत नाही. सासरे म्हणतात, खासगीवाले पैशांसाठी जास्तीच्या सुया मारतात. नेटवर शोधलं तर तिसराच तक्ता निघाला.

सिस्टर_एमपूर्व
तिसरा बहुतेक बाहेरच्या देशाचा असणार, तो सोड.

सरकारी कार्डावर राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रक असतं. जन्माला बीसीजी, पोलिओ, कावीळ ब. मग ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), रोटा (जुलाबांची), पोलिओ, ६ आणि १४ ला न्यूमोकोकल (न्यूमोनियाची), तिचा बूस्टर ९ महिन्यांना. गोवर-रुबेला ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी मात्रा १६ ते २४ महिन्यांत. हे सगळं फुकट. खासगी डॉक्टर इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा तक्ता पाळतात, त्यात टायफॉइड, कांजिण्या, कावीळ अ, एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) अशा जास्तीच्या लसी आहेत. परवडत असतील तर जरूर घे. पण सरकारी लस म्हणजे दुय्यम, असं डोक्यात असेल तर ते काढ.

आता जरा जास्त लिहिते. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडीत गोवर उसळला तेव्हा आम्ही घरोघरी फिरत होतो. मुलं कस्तुरबा रुग्णालयात भरती होत होती, काही गेली. टीव्हीवर लोक म्हणत होते की वस्तीतल्या लोकांचा अफवांवर विश्वास आहे. होत्याच अफवा, व्हिडिओही होते. पण दारात उभं राहिलं की बाई वेगळंच सांगायची: सुई दिली की पोर दोन दिवस तापतं, मग कामावर जाता येत नाही, त्या दिवसाचे पैसे बुडतात. करोनाच्या काळात चुकलेल्या मात्रा तशाच राहून गेलेल्या. तिला वेबसाइटचा पत्ता देऊन काय उपयोग? ताप आला तर काय द्यायचं, किती द्यायचं हे सांगून, पॅरासिटामॉल हातात ठेवून, संध्याकाळी परत चक्कर मारली की पुढच्या वेळी ती आपणहून यायची.

अद्वैत७७
पण एमएमआरमुळे ऑटिझम होतो हे कुठून आलं? माझा चुलतभाऊ पुण्यात आयटीत आहे, चांगला शिकलेला, तोही म्हणतो.

संदर्भसेवक
ते उत्तर मी देतो. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करतो.

१९९८ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा एमएमआर आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा लेख आला. त्यात फक्त १२ मुलं होती. पुढे ब्रायन डियर या पत्रकाराने खणून काढलं की वेकफील्डला लस कंपन्यांवर दावा लावणाऱ्या वकिलांकडून पैसे मिळत होते आणि मुलांच्या नोंदीही फिरवलेल्या होत्या. २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने लेख मागे घेतला, त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यक परिषदेने त्याचं नाव नोंदवहीतून काढलं. दरम्यान अनेक देशांत लाखो मुलांवर अभ्यास झाले, संबंध सापडला नाही. लेख मागे घेतला तरी त्याच्या बातम्या आणि व्हिडिओ कुणी मागे घेत नाही, ते तुमच्या चुलतभावापर्यंत पोचतात.

पान उघडल्यावर मी काय बघतो ते सांगतो. लिहिणाऱ्याचं नाव आणि पदवी आहे का, आणि ते नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या किंवा राष्ट्रीय नोंदवहीत सापडतं का. रेवाच्या आईंनी तेच केलं, शाबास. मग तारीख. मुलांच्या बाबतीत सल्ले बदलतात, दहा वर्षांपूर्वीचं पान बरोबर असेलच असं नाही. मग पानाच्या शेवटी जाऊन बघतो की काय विकायला काढलंय. "दूध पुरत नाहीये का?" या लेखाच्या तळाशी पावडरीच्या डब्याचं बटण असेल तर लेख कशासाठी लिहिला ते कळलं. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो कडक झाला. दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाच्या पावडरीची आणि बाळअन्नाची जाहिरात करायला बंदी आहे. इन्स्टाग्रामवरच्या मम्मीताई ती "माझा अनुभव" म्हणून करतात. जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या ॲस्कीने २०२३ मध्ये नियम केला की आरोग्यावर बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरने आपली पात्रता जाहीर करावी. किती जण करतात ते तुम्हीच बघा.

आणि एक गंमत. काही जुन्या साइटवर तळाशी 'हॉन कोड'चा निळा शिक्का दिसतो. जिनिव्हातली हेल्थ ऑन द नेट ही संस्था साइट तपासून तो द्यायची. ती २०२२ च्या अखेरीस बंद झाली. शिक्के मात्र कुठे कुठे अजून तसेच आहेत. शिक्का बघून भुलू नका.

दादरची_आजी
सगळं वाचलं. तुमचं ज्ञान मोठं आहे बाबांनो, पण आम्ही काय नेट बघून पोरं वाढवली? बाळगुटी, तेल लावून अंघोळ, धुरी, काजळ. माझी तीन मुलं आणि पाच नातवंडं धडधाकट आहेत. सुनेने धुरी बंद केली, गुटी बंद केली, आणि पोराला दर महिन्याला सर्दी.

डॉक्टरकाका_पार्ले
आजी, तेल लावून चोळणं चालू ठेवा, मी स्वतः आयांना सांगतो. बाळालाही बरं वाटतं, आईलाही जरा उसंत मिळते. धुरी मात्र नको. धूर तो धूरच, ओव्याचा असो नाहीतर वेखंडाचा, बाळाच्या श्वासनलिका अगदी बारीक असतात. दर महिन्याच्या सर्दीला कारण घरातला धूर किंवा पाळणाघर, गुटी बंद केल्याने ती होत नाही.

गुटीचं काय, तर सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा लागत नाही. सहाणेवर जायफळाचा एखादा वळसा जास्त पडला की बाळ गुंगीत जातं, आणि घरच्यांना वाटतं शांत झोपलं. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, बोटावर चाटवायलाही नाही. त्यातल्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम होऊ शकतो. काजळात शिसं निघालेलं आहे, दृष्टच काढायची तर तळपायाला तीट लावा. :)

दादरची_आजी
तीट तळपायाला चालेल म्हणता? मग ठीक आहे. मधाचं कुणी असं समजावून सांगितलं नव्हतं, नुसतं "आई, नको" म्हणतात.

शिरीष_बोरिवली
मी हल्ली एआयला विचारतो. मराठीत विचारलं की मराठीत उत्तर देतं, झकास.

लालबागचा_केमिस्ट
एआयला तुमच्या घरातली बाटली दिसते का? बाकी काय ते विचारा, डोस विचारू नका.

संदर्भसेवक
शिरीष, ते आत्मविश्वासाने बोलतं हीच अडचण आहे. मी त्याचा एकच उपयोग करतो. डॉक्टरांकडे जाण्याआधी प्रश्नांची यादी करायला. रिपोर्टमधला अवघड शब्द समजून घ्यायलाही चालतं. "काय करू" मात्र माणसालाच विचारायचं.

हर्षदा_पवई
जुलाबांबद्दल कुणीतरी लिहा. गेल्या वर्षी ओआरएसवरून (जुलाबांत पाजायचं मीठ-साखरेचं पाणी) गदारोळ झाला होता ना?

लालबागचा_केमिस्ट
झाला आणि बरं झालं. टेट्रापॅकमधली गोड पेयं 'ओआरएस' नाव मिरवत आमच्याच काउंटरवर ठेवलेली असायची. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष कित्येक वर्षं त्याविरुद्ध भांडल्या, तेव्हा कुठे १४ ऑक्टोबर २०२५ ला केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, असल्या पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला बंदी केली. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे. त्या पेयांत साखर कितीतरी जास्त, त्याने जुलाब वाढू शकतात. पाकिटावर ते सूत्र लिहिलंय का बघा, आणि पाणी किती तेही. छोटं पाकीट २०० मिलीत, मोठं एक लिटरमध्ये. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात कालवून देणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका.

डॉक्टरकाका_पार्ले
सोबत झिंक १४ दिवस. जुलाब थांबले तरी पूर्ण द्या. ते सगळे अर्ध्यात सोडतात.

गिरगावकर_नाना
गंभीर प्रतिसाद देतो म्हणालो होतो. खोकल्याच्या औषधाचा विषय कुणीच काढला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे वीसहून अधिक मुलं गेली, सिरपात डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. वाचल्यावर अंगावर काटा आला, कारण हेच विष मुंबईने आधी पाहिलंय. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. मी तेव्हा चर्नी रोडला नोकरी करायचो, रोज पेपरात तेच. चाळीस वर्षांनी तेच विष, म्हणजे कमाल आहे.

डॉक्टरकाका_पार्ले
नाना, बरोबर आठवण काढलीत. त्या घटनेनंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा सांगितलं: दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची सिरपं द्यायची नाहीत, पाच वर्षांखाली सहसा नकोच. शुद्ध असली तरी त्यांचा लहान मुलांना फायदा दिसत नाही. कोमट पाणी, नाकात सलाइनचे थेंब, वर्षावरच्या मुलाला झोपताना चमचाभर मध. आजी, आता मध चालेल.

रेवाची_आई (मुलुंड)
इतके प्रतिसाद! मराठीतलं मात्र कुणी सांगितलं नाही अजून.

हर्षदा_पवई
ते मी सांगते, आमच्या शेजारीच आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे आरोग्य आणि पोषणावरचे व्हिडिओ मराठीत आहेत, यूट्यूबवर मोफत. बाळाला छातीशी कसं धरायचं इथपासून वरचं अन्न कसं सुरू करायचं इथपर्यंत. मला बाळंतपणानंतर त्यांचाच उपयोग झाला. आणि मुंबईतल्या अरमान संस्थेची एममित्र सेवा आहे, गरोदरपणापासून बाळाच्या वयाप्रमाणे मराठी-हिंदीत रेकॉर्ड केलेले फोन येतात. आमच्या घरकामाच्या ताईंना यायचे. स्वयंपाक करता करता स्पीकरवर लावायच्या, मीही ऐकायचे.

सिस्टर_एमपूर्व
आणि तुमच्या कपाटात पडलेलं माता व बाल संरक्षण कार्ड! कुणी उघडून बघत नाही. मराठीत आहे, लसींच्या तारखा, धोक्याच्या खुणा, कोणत्या वयात काय यायला हवं, वजनाचा आलेखही. तो आलेख जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांवर आहे. त्यासाठी सहा देशांत मुलं मोजली, त्यात आपलं दिल्लीही होतं. मोबाइलच्या ॲपमध्ये कधी कधी अमेरिकेचा तक्ता असतो आणि आया उगाच रडत येतात की बाळ पाचव्या रेषेवर आहे, म्हणजे शंभरातल्या सगळ्यात हलक्या पाचांत.

इंग्रजी चालत असेल तर इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने पालकांसाठी लिहिलेली मार्गदर्शक पानं वाच, प्रश्नोत्तरं आहेत. इथल्याच डॉक्टरांनी इथल्याच मुलांसाठी लिहिलेली.

शिरीष_बोरिवली
धागा जतन केला. एक शेवटचं: पोराने रिमोटमधला बटन सेल तोंडात घातला होता काल, वेळेत काढला. गिळला असता तर काय शोधायचं असतं?

डॉक्टरकाका_पार्ले
काहीही शोधायचं नाही, त्याच क्षणी एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात निघायचं. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत जखम करू शकतो. फिनेल, रॉकेल, डांबरगोळी, आजोबांच्या गोळ्या, काहीही असो, उलटी करायला लावू नका, बाटली किंवा गोळ्यांचं पाकीट सोबत घ्या. वाटेत एम्सच्या विषबाधा माहिती केंद्राला फोन करता येतो, १८०० ११६ ११७, चोवीस तास, पैसे पडत नाहीत.

शिरीष_बोरिवली
नंबर सेव्ह केला. रिमोटच्या झाकणाला चिकटपट्टी मारतोय.

लालबागचा_केमिस्ट
चिकटपट्टी पोरं सोलतात. स्क्रूवालं झाकण असलेला रिमोट घ्या, लॅमिंग्टन रोडला मिळेल.